पाव्हणं, बेसिन तिकडं हाय

आमच्या विश्वजीतला सुपारीच्या खांडाचंही व्यसन नाही, असं मी कुणाला सांगितलं की ऐकणारा आधी त्याच्या तोंडाकडं बघतो आणि मग माझ्याकडं. चेहऱ्यावर असं, की बाई वयानं मोठी आहे म्हणून ऐकून घेतोय.

विश्वजीत माझा भाचा, थोरल्या भावाचा, कडूबादादाचा मुलगा. शेंद्र्याच्या एका कंपनीत मेंटेनन्सला आहे आणि नोकरी लागल्यापासून मुकुंदवाडीत माझ्याकडंच राहतो. उंचापुरा, कामसू, आवाज चढवायचा कसा हे ज्याला कुणी शिकवलंच नाही असा पोरगा. सगळं चांगलं, फक्त दात. पुढचे दात तपकिरी, त्यावर पिवळे ठिपके आणि मध्येच खडूसारखे पांढरे पट्टे. सोयगावच्या पलीकडं आमचं गाव. तिथं आमच्या आळीला एकच बोअर होता. भर उन्हाळ्यात आटायचा नाही म्हणून आम्हाला त्याचा कोण अभिमान! मग एकदा तपासणीवाले आले, पोरांना ओळीत उभं करून त्यांचे दात बघितले, पाणी बाटलीत भरून नेलं आणि पुढं सांगावा आला की या पाण्यात फ्लोराइड प्रमाणाबाहेर आहे, पिऊ नका. बोअर बंद झाला, दुसरीकडून टाकीचं पाणी आलं. नंतर जन्मलेल्या पोरांचे दात छान पांढरे निघाले. विश्वजीतच्या वयाची आळीतली पोरं तेवढी डागाळलेली राहिली.

तेव्हापासून मी फ्लोराइडला घराचा उंबरा ओलांडू दिलेला नाही. टूथपेस्ट घेताना मी चष्मा लावून खोक्यावरची बारीक अक्षरं वाचते. तो शब्द दिसला की खोकं परत फळीवर. दुकानदार मला लांबून येताना बघूनच काळ्या मंजनाची डबी काढून ठेवतो. आता माझ्या दोन्हीकडच्या दाढा ठणकतात आणि गार पाणी प्यायलं की डोळ्यांत टचकन पाणी येतं, पण तो विषय वेगळा.

विषय विश्वजीतच्या लग्नाचा. जिथं स्थळ बघायला जावं तिथं पोहे चांगले व्हायचे, गप्पा चांगल्या व्हायच्या आणि हा एकदा का मनापासून हसला की सगळं बिघडायचं. मग मध्यस्थाकडून निरोप यायचा, 'पोरगं चांगलं हाय, पण खातंय वाटतं.' गुटख्याला आपल्याकडं बंदी आहे, त्यामुळं तो प्रत्येक चौकात मिळतो आणि प्रत्येक घरात तो खाणारा एक तरी असतो. साहजिकच तपकिरी दात दिसले की लोकांना दुसरं कारण सुचत नाही. 'पाण्यानं झालंय हो,' म्हटलं की लोक हसतात. 'व्हय, आमच्या मेहुण्याचं पण पाण्यानंच झालंय,' म्हणतात.

तेवढ्यात मोनिकाचं स्थळ आलं. गारखेड्याची मुलगी, वाळूजच्या कंपनीत क्वालिटीला. म्हणजे बनून आलेला माल तपासायचा आणि पास की नापास ते ठरवायचं. दोघांनी फोन नंबर घेतले आणि बोलायला लागले. फोनवर दात दिसत नाहीत, ही त्या यंत्राची फार मोठी सोय आहे. आमचा हा मुखदुर्बळ पोरगा गच्चीवर जाऊन खदाखदा हसायला लागला. एका संध्याकाळी खाली आला आणि माझ्यापाशी येऊन बसला.

"आत्या, ही जमली पायजे गं," म्हणाला. "बाकीच्यांनी नाय म्हणलं तर मला काय वाटलं नाय. हिनं म्हणलं तर लई लागंल."

एवढ्या वर्षांत त्यानं माझ्याकडं काही मागितलं नव्हतं.

"मी तिला फोनवरच सांगून टाकू का, दातांचं?" त्यानं विचारलं.

"अजिबात नाय! आधी माणूस बघू दे, मंग दात. पयल्या भेटीत तू तोंड उघडायचंच नाय."

शनिवारी संध्याकाळी मी त्याची आरशासमोर तालीम घेतली. ओठ मिटून हसायचं. उत्तरं आखूड द्यायची. शक्यतो 'हं' म्हणायचं. पोहे लहान घासानं खायचे आणि चहा पिताना कप पुढं धरायचा. पोरगं गुणी, सगळं तंतोतंत शिकलं.

रविवारी सकाळी कडूबादादा गावाहून आला आणि आम्ही तिघं गारखेड्याला गेलो. मोनिकाचे वडील सखाराम एसटीतून निवृत्त झालेले, अगदी साधा माणूस. पण घरात शब्द चालायचा तो मोनिकाच्या मामाचा. कारभारी त्यांचं नाव आणि त्या नावाला ते पुरेपूर जागत होते. पंखा कितीवर ठेवायचा, पाहुण्यांनी कुठल्या खुर्चीत बसायचं, सगळं तेच ठरवत होते. मोनिकाची आई लवकर गेली, तेव्हा पोरीला मामांनी तळहाताच्या फोडासारखं वाढवलेलं. त्यामुळं परीक्षा तेच घेणार हे उघड होतं.

"कंपनीत किती वरसं झाली?"

"हं... चार," विश्वजीत ओठ न हलवता म्हणाला. चार म्हणताना दात दिसतील या धास्तीनं त्यानं हनुवटी वर उचलली.

मामांच्या भुवया वर गेल्या.

"पाळी असती का रातची?"

"हं."

"गावाकडं शेती किती?"

"हं... दादा सांगतील," आणि हनुवटी आणखी वर.

इथंच माझं चुकलं. तालमीच्या वेळी मला हे सुचलंच नाही. आपल्याकडं हनुवटी वर करून, ओठ मिटून, नाकातून कोण बोलतं? तोंडात पुडी असलेला माणूस बोलतो. रस सांडू नये म्हणून तो मान वर धरतो आणि जगातल्या कुठल्याही प्रश्नाला 'हं' म्हणतो. मी त्या निर्व्यसनी पोराला शनिवारी संध्याकाळी दोन तास बसवून हुबेहूब गुटखेबाज करून आणलं होतं.

मामांनी पोह्याची बशी खाली ठेवली. पुढं झुकून अगदी प्रेमळ आवाजात म्हणाले, "पाव्हणं, बेसिन तिकडं हाय. थुकून या, मंग निवांत बोलू."

कडूबादादानं मान खाली घातली. पडद्याआडून मोनिका बाहेर आली होती, हातात चहाचा ट्रे, ती जागच्या जागी थांबली. विश्वजीतचा चेहरा कानापर्यंत लाल झाला. तो उभा राहिला आणि सगळी तालीम विसरून ओरडला, "मी खात नाय हो! शप्पत खात नाय!"

एवढं तोंड त्यानं जन्मात उघडलं नसेल. खिडकीतून ऊन येत होतं, ते नेमकं त्याच्या दातांवर पडलं.

"हां," मामा खुर्चीत मागं रेलले. "आता दिसलं."

मग मी सुटले. म्हटलं, "ओ मामा, ते पाण्यानं झालंय. फ्लोराइडनं. विष असतंय ते. आमच्या आळीतल्या सगळ्या पोरांचं तसंच हाय."

"पाण्यानं?" मामा सखारामभाऊंकडं बघून हसले. "ऐकलं का दाजी? पाण्यानं दात रंगत्यात. उद्या म्हणतील हवेनं पोट सुटतंय."

"तुम्ही गावात येऊन बघा की!"

"आख्खं गाव खात असंल तर गावात येऊन काय बघू?"

सखारामभाऊ बिचारे 'ऱ्हाऊ द्या, ऱ्हाऊ द्या' करत होते. मी पदर खोचलाच होता. तेवढ्यात मोनिकानं ट्रे टेबलावर ठेवला.

"मामा, आम्ही कंपनीत नुसत्या संशयावर माल परत पाठवत नाय," ती म्हणाली. "तपासतो, मंग ठरवतो. समोर दातांच्या डॉक्टर बसतात, रविवारी दुपारपर्यंत दवाखाना चालू असतो. चला." मग विश्वजीतकडं वळली. "आणि तुम्ही हे फोनवर का नाय सांगितलं?"

विश्वजीतनं माझ्याकडं बघितलं. मी पंख्याकडं बघितलं.

मुलगी बघायला गेलेली माणसं मुलाला घेऊन दातांच्या दवाखान्यात निघालीत, असं गारखेड्यानं बहुधा पहिल्यांदाच बघितलं. पुढं मामा, मागं सखारामभाऊ, मग टोपी सावरत कडूबादादा, मी, आणि शेवटी ती दोघं, एकमेकांपासून हातभर अंतर ठेवून. शेजारची बाई गॅलरीतून ओरडली, "झालं का ठरलं?" मामा म्हणाले, "टेस्टिंग चालू हाय."

डॉक्टर संस्कृती वयानं लहान, कामात चटपटीत. आम्हाला सगळ्यांना आत येताना बघून तिनं विचारलं, "तुमच्यातलं पेशंट कोण?"

"पेशंट कुणी नाय, सोयरीक हाय," मामा म्हणाले. "ह्या पोराच्या तोंडात गुटखा का पाणी, एवढं सांगा."

डॉक्टरनं एकदा डोळे मिटून घेतले, हसू आवरलं आणि विश्वजीतला खुर्चीत झोपवलं. दिवा लावला. आम्ही सगळे खुर्चीभोवती वाकलो. तिनं बारीक आरसा फिरवला, एका आकडीनं तपकिरी डाग खरवडून बघितला, पुन्हा खरवडला.

"तंबाखू-गुटख्याचा डाग दाताच्या वर बसतो, साफ केला की निघतो," ती म्हणाली. "हा आतला आहे. शिवाय बघा, उजवीकडच्या दातावर जसा आहे तसाच डावीकडच्या जोडीदारावर. लहानपणी दात हिरडीच्या आत तयार होत असताना रोज जास्त फ्लोराइडचं पाणी पोटात गेलं की असं होतं. यांचं म्हणणं खरं आहे. गाल, जीभ, हिरड्या, सगळं स्वच्छ आहे. यांनी आयुष्यात पुडी फोडलेली नाही."

मला तर तिथंच फुगडी घालावीशी वाटली. विश्वजीतनं आडवं पडल्या पडल्या डोळे मिटले आणि त्याच्या डोळ्याच्या कडेनं पाणी कानाकडं ओघळलं. मोनिकानं ते बघितलं. हातभराचं अंतर कमी करून ती खुर्चीच्या अगदी जवळ येऊन उभी राहिली.

"आणि एकही दात किडलेला नाही," डॉक्टर म्हणाली. "असं तोंड क्वचित बघायला मिळतं."

"मी म्हणलंच होतं," मी मामांना ऐकवलं. "फ्लोराइड म्हणजे विष! आमच्या घरात ती पेस्ट येतच नाय. मी खोकं वाचून घेते."

डॉक्टर माझ्याकडं वळली. "तुम्ही काय वापरता?"

"काळं मंजन!"

"बसा बरं इथं. आ करा."

"अहो, माझं लग्न झालंय."

"बसा."

मी बसले. तिनं आरसा घातला, 'अरे अरे' म्हणाली, मग दुसऱ्या बाजूला गेली आणि तिथं काहीच म्हणाली नाही, ते जास्त वाईट होतं. खालच्या दाढेला नुसती हवा मारली तर मी खुर्चीत उठून बसले.

"आत्या, तुमच्या घरात एकही दात किडलेला नाही असा माणूस म्हणजे तुमचा भाचा, आणि त्याचं कारण तेच आहे ज्याला तुम्ही विष म्हणता," ती म्हणाली. "फ्लोराइडमुळं दाताचं कवच घट्ट होतं, कीड लागायला जड जातं. यांच्या वाट्याला ते फार जास्त आलं, नको त्या वयात आलं आणि रोज पोटात गेलं, म्हणून डाग पडले. पेस्टमध्ये असतं ते मोजकं. वाटाण्याएवढी पेस्ट घ्यायची, दिवसातून दोनदा घासायची आणि थुंकायची, गिळायची नाही. अगदी लहान लेकरांना तांदळाच्या दाण्याएवढी पुरते. त्यानं डाग पडत नाहीत, कीड मात्र थांबते."

मला हे पटायचं नव्हतं. इतकी वर्षं चष्मा लावून खोकी वाचली ती काय उगाच? मी काहीतरी जोरात बोलायच्या बेतात होते, तर सकाळपासून अवाक्षर न बोललेला कडूबादादा खाकरला.

"म्हंजी युरियासारखं," तो म्हणाला. "पोतं एकाच वाफ्यात वतलं की पीक जळतंय. म्हणून कुणी युरियाच टाकायचा सोडत नाय."

"अगदी बरोबर!" डॉक्टर म्हणाली.

सख्खा भाऊच असा फिरला! मामांना तर उकळ्या फुटत होत्या. "काळं मंजन," म्हणून ते हसले. पण हसताना त्यांचं तोंड फटीएवढंच उघडलं आणि हसू आतल्या आत राहिलं. डॉक्टरनं ते टिपलं.

"मामा, तुम्ही जरा मोठा आ करा."

"माझं तोंडच लहान हाय, पयल्यापासून."

"बरं. मग सगळेच एक गंमत करू. हाताची मधली तीन बोटं जुळवा, एकावर एक येतील अशी उभी धरा आणि तोंडात घाला."

पुढचं दृश्य कुणी बाहेरून बघितलं असतं तर आम्हाला दातांच्या नव्हे, दुसऱ्याच दवाखान्यात पाठवलं असतं. विश्वजीतची तीन बोटं आरामात गेली. कडूबादादाची गेली. सखारामभाऊंची गेली. मोनिकानं ओढणीआड वळून घातली, गेली. माझी तर जास्तीची जागा उरली, तोंडाच्या बाबतीत मला कधीच अडचण आलेली नाही. आम्ही सगळे तोंडात बोटं घालून मामांकडं बघत उभे राहिलो.

मामांची दोन बोटं जाईनात. त्यांनी मान तिरकी केली, जोर लावला. दीड बोटावर गाडी अडली.

कुणी हसलं नाही. आम्ही हळूच आपापली बोटं काढून घेतली.

"तिखट झोंबतं का?" डॉक्टरनं विचारलं. तिचा आवाज आता वेगळा होता.

"ॲसिडिटी हाय मला. म्हणून ठेचा सोडला."

"मामा," मोनिका म्हणाली, "तुम्ही भाकरी पण कुस्करून खायला लागलाय. मला वाटलं दाढ दुखती."

डॉक्टरनं मामांना खुर्चीत बसवलं आणि गालाच्या आतून बोट फिरवलं. गाल आतून पांढरे आणि ताठ झालेत, म्हणाली. सुपारी आणि गुटख्यानं असंच होत जातं, तोंड थोडं थोडं मिटत येतं, आणि पुढं कॅन्सरचीही भीती असते. उद्याच्या उद्या सरकारी दंत महाविद्यालयात जाऊन दाखवा. आज सोडलंत तर औषधं आहेत, व्यायाम आहेत, पुष्कळ काही हाती आहे. नाही सोडलंत तर मी फक्त चिठ्ठी लिहू शकते.

कारभारी मामांचा चेहरा पहिल्यांदाच लहान दिसला. सकाळपासून मला त्या माणसाचा राग येत होता, आणि आता तो कुठं ठेवावा ते कळेना. दिव्याखाली बसून ते शर्टाच्या खिशावर हात दाबून होते.

परत रस्ता ओलांडताना विश्वजीतनं मोनिकाला विचारलेलं मी ऐकलं. मुद्दाम नाही ऐकलं, मी मागूनच चालत होते. "डॉक्टर म्हणत होत्या, डाग झाकता येतात. झाकून घेऊ का?"

"तुम्हाला पायजे तर घ्या, मला घाई नाय," ती म्हणाली. "आमच्याकडं दिसण्यातला दोष येगळा आणि कामातला येगळा. दिसण्यातल्यावर मी माल थांबवत नाय." चार पावलं चालून म्हणाली, "पण परत काय लपवलं तर मात्र थेट नापास."

विश्वजीत हसला. रस्त्याच्या मधोमध, भर उन्हात, सगळे दात दाखवून. मागून रिक्षावाल्यानं हॉर्न मारला तरी त्याला ऐकू गेला नाही.

घरी आलो. सखारामभाऊंनी लेकीकडं बघितलं, तिनं मान हलवली, आणि त्यांनी कपाटातून पेढ्यांचा बॉक्स काढला. "पयला पेढा मामाला," ते म्हणाले. "पोरीला त्यांनी वाढवलंय. जावयानं भरवावा."

विश्वजीत पेढा घेऊन मामांसमोर गेला. मामांनी हात वर केला.

"हं," ते म्हणाले. हनुवटी वर, ओठ मिटलेले.

आम्हा सगळ्यांना कळलं. दवाखान्यातून घरापर्यंतच्या एवढ्याशा रस्त्यात, घाबरून की सवयीनं, त्यांनी पुडी तोंडात टाकली होती. सखारामभाऊंनी पेढ्यांचा बॉक्स खाली ठेवला. मोनिकाचे डोळे भरून आले. माझ्या जिभेवर सकाळचा सगळा हिशेब फेडणारं वाक्य आलं होतं, पण देवाशप्पथ सांगते, ते माझ्यानं बोलवेना.

विश्वजीत वाकला. सकाळी त्याला कसं वाटलं होतं ते त्याच्याइतकं कुणाला माहीत होतं? त्यामुळं त्याच्या आवाजात टोमणा नव्हता, नुसती माया होती.

"मामा," तो हळू म्हणाला, "बेसिन तिकडं हाय. या थुकून. मी थांबतो."

मामा उठले आणि बेसिनकडं गेले. नळ सुटल्याचा आवाज आला. चूळ, पुन्हा चूळ. मग कचऱ्याच्या डब्याचं झाकण वाजलं, आणि खिशातल्या पुड्या आत पडल्याचा आवाज आला. परत येऊन ते खुर्चीत बसले, तोंड पुसलं आणि जमेल तेवढं उघडलं. तेवढ्या फटीतून अख्खा पेढा जाण्यासारखा नव्हता. विश्वजीतनं पेढ्याचे बारीक तुकडे केले आणि एकेक करून मामांना भरवले. मामांच्या गालांवरून पाणी वाहत होतं आणि ते खात होते.

नंतर माझ्या हातावर पेढा आला. उजव्या दाढेनं खाल्ला तर कळ आली, डाव्या दाढेनं खाल्ला तर डोळ्यांपुढं काजवे चमकले. संध्याकाळी दुकानदारानं मला बघून काळ्या मंजनाची डबी काढली. मी चष्मा लावला, फळीवरचं खोकं उचललं आणि तो शब्द सापडेपर्यंत बारीक अक्षरं वाचत उभी राहिले.